उरलेले हातमोजे

माणसाने दुसऱ्याच्या कशाकशावर जळावं, याला काही धरबंध नसतो. कुणी शेजाऱ्याच्या बढतीवर जळतो, कुणी त्याच्या पोरांच्या मार्कांवर. मी मात्र कितीतरी वर्षं एका माणसाच्या हातांवर जळलो, आणि एका हिवाळ्यात तर त्याच्या हातमोज्यांवरसुद्धा. आता वय झाल्यावर हे सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडायला उठलो असतो.

तो माणूस म्हणजे डोमाजी लांजेवार. बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका खेड्यातला, धानाच्या शेतकऱ्याच्या घरचा. मी बालाघाट गावातला, कचेरीतल्या बाबूचा मुलगा, मॅट्रिक पास. लामत्याजवळ तेव्हा सरकारचं लाखेचं केंद्र होतं. छोट्या लाईनच्या स्टेशनवर उतरून दोन मैल चालत गेलं की तीन खोल्या, एक विहीर आणि कुसुमाची अडीच-तीनशे झाडं. तिथे आम्ही दोघं एकाच हुद्द्यावर होतो, फील्डमन. तो माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा, चौथीपर्यंत शिकलेला. माझ्या मॅट्रिकला मान द्यायचा म्हणून तो मला ‘बाबू’ म्हणायचा. मला तो मान आवडायचा आणि तो देणारा माणूस आवडायचा नाही.

काम काय होतं ते सांगतो. लाखेचे किडे बसलेल्या काड्या, म्हणजे बीज लाख, जानेवारीत कुसुमाच्या झाडावर चढून नव्या फांद्यांना बांधायच्या. चार-पाच काड्यांची एक जुडी, जुडीच्या दोन्ही टोकांना सुतळीची एकेक गाठ. जुडी फांदीला घट्ट चिकटून बसली तर किडे त्यातून निघून कोवळ्या फांदीवर पसरतात आणि पीक येतं. ढिली बसली तर जुडी खाली पडते आणि किडे मुंग्यांच्या पोटात जातात. सगळं त्या गाठीवर. आणि ही गाठ बांधायची कधी, तर सकाळी, ऊन चढायच्या आत, दवाने ओल्या झालेल्या खोडावर बसून. लामत्याकडची जानेवारीतली सकाळ ज्याने अनुभवली आहे त्यालाच कळेल. पाच मिनिटांत बोटं कुणा दुसऱ्याची वाटायला लागतात.

मोकळ्या हाताने चढावं तर बोटं सुन्न होऊन सुतळी सुटते. हातमोजे घालावेत तर फांदी पकडता येते पण गाठ मारता येत नाही. खात्याकडून दरवर्षी कातड्याचे हातमोजे यायचे, जाडजूड, सगळे एकाच मापाचे. ते माप कुणाचं होतं ते खात्यालाच ठाऊक. आम्ही ते घालून चढायचो, वर गेल्यावर दातांनी ओढून काढायचो आणि खिशात कोंबायचो. दिवसाला दोन-तीन तरी खाली पडायचे.

डोमाजी असले हातमोजे वापरत नसे. उंचीने बेताचा, रंगाने काळासावळा, कानावर मफलर, अंगात कधी स्वेटर नाही. चढायच्या आधी तो दोन्ही हात काखेत घालून पाच मिनिटं झाडाखाली नुसता उभा राहायचा. आम्ही बाकीचे शेकोटीभोवती हात शेकत बसायचो, त्याला ते चालत नसे. “आगीजोळ गरम केलेला हात वर गेला का लवकर थंडा होते,” असं तो म्हणायचा. “आपल्याच आंगाचं गरम घेऊन जा.” मग खोडावर तीनदा थाप मारायचा, लाल मुंग्यांना कळावं म्हणून, आणि चढायचा. वर गेल्यावर जुड्या मोजायचा त्या हिंदीत. घरी, शेतात, भांडणात सगळं मराठी, पण मोजणी हिंदी. “एक, दो, तीन,” असं वरून ऐकू यायला लागलं की आम्हाला खालून कळायचं, डोमाजी कुठल्या झाडावर आहे ते.

आणि त्याचं ते ‘हौ’.

ही त्याची खरी सवय. कुणीही बांधलेली गाठ त्याला दिसली की तो तिला बोटाने दोनदा ओढून बघायचा. गाठ पक्की असेल तर एकच शब्द बोलायचा, “हौ.” ढिली असेल तर काही बोलायचा नाही, नुसता पुढे जायचा. केंद्रावरच्या मजुरांना, माळ्याला, एकदा तर विहिरीच्या दोराची गाठ मारणाऱ्या पाणक्याला त्याने ‘हौ’ दिलं होतं. मला कधीच नाही. चार वर्षं तो खाली बांधलेल्या माझ्या गाठी ओढून बघत होता आणि पुढे जात होता. सरकारी शिक्क्यापेक्षा मला त्या एका अक्षराची जास्त हाव सुटली होती, आणि तो ते मला देत नाही म्हणून मी त्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. मी डावखुरा आहे. म्हणजे जन्माने. आमच्या घरी डाव्या हाताने काही करणं अगदी वाईट चालीचं समजत. पाच वर्षांचा असताना वडिलांनी माझा डावा हात फडक्याने कमरेला बांधून मला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावलं होतं. वर्षभर तरी हे चाललं. नंतर मी सगळं उजव्याने करायला लागलो, अक्षरही बरं आलं. पण सुतळीची गाठ, बटण, सुईत दोरा, ही बारीक कामं उजव्याला कधीच साधली नाहीत. खाली चारचौघांत मी गाठ उजव्या हाताने बांधायचो आणि ती ढिली बसायची. वर झाडावर, कुणी बघत नसताना, डावा हात आपोआप पुढे यायचा. हे सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सोडून कुणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती.

सुमन रामपायलीची. लग्न होऊन केंद्रावरच्या खोलीत आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिने मला लाल लोकरीचे हातमोजे विणून दिले. बारीक वीण, मनगटाला पट्टी. ते घालून मी दुसऱ्या दिवशी ऐटीत झाडाखाली गेलो. डोमाजी काखेत हात घालून उभा होता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, “वयनीच्या हातचे हायत?”

“हो.”

“मंग झाडाले दाखवू नका बाबू. घरी घाला.”

मी तसाच चढलो. लाखेचा थर कसा खरखरीत असतो ते तोवर मला चांगलं ठाऊक होतं, पण त्या दिवशी राग जास्त होता. दहा जुड्या बांधून उतरलो तेव्हा लोकरीचे धागे फांद्यांवर लटकत होते आणि हातात निम्मेअर्धे हातमोजे होते. सुमनने ते हातात घेतले आणि हसली. “डोमाजीभाऊंनी सांगितलं होतं ना,” ती म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

“विहिरीवर भेटले होते. ते म्हणाले, वयनी, लोकर चांगली आहे, पण थोडी ठेवून द्या, कामी येईल.”

म्हणजे माझ्या हातमोज्यांची चर्चा माझ्या बायकोशी विहिरीवर झाली होती. मी जेवलो नाही. सुमनने फाटकी वीण उसवून लोकरीचा गुंडा केला आणि फडताळात ठेवून दिला. डोमाजीचे हात किती मजबूत आहेत आणि तरी सुई कशी धरतात, असंही ती बोलून गेली. त्याचा शर्ट तो स्वतः शिवायचा हे तिने विहिरीवरच पाहिलं होतं. मी त्या हिवाळ्यात तिच्याशी बरेच दिवस धड बोललो नाही.

आता दुकानाची गोष्ट. एका डिसेंबरात केंद्राच्या साहेबांनी आम्हा दोघांना बीज लाखेचे नमुने घेऊन बालाघाटला पाठवलं. काम उरकून गाडीला वेळ होता. बाजारात एक जण लष्करातून निकाली निघालेला माल विकायचा, डिस्पोजलचं दुकान म्हणायचे सगळे. बूट, पट्टे, तंबूचं कापड आणि एका कोपऱ्यात हातमोज्यांचा ढीग. डोमाजी तिथे बसला तो तासभर हललाच नाही. मी बाजूला उभा.

हातमोजे निवडणारा माणूस मी तसा आधी पाहिला नव्हता. त्याने एकही मोजा आधी हातात घातला नाही. आधी वास घेतला. मग गालाला लावून बघितला. मग थुंकी लावून दुकानाच्या लाकडी खांबावर घासला, घसरतो का ते बघायला. मग खिशातून सुतळी काढून, मोजा घालून, तिथल्याच एका बुटाच्या नाडीला गाठ मारून बघितली. मग जमिनीवर काडेपेटीतली काडी टाकली आणि मोजा घातलेल्या हाताने ती उचलायला लागला. शेवटी दुकानदाराच्या तांब्यातलं पाणी एका लोकरीच्या मोज्यावर ओतलं तेव्हा दुकानदार ओरडला, “अरे भैया, पागल हो गए क्या?”

“ओला झाल्यावर गरम राहते का नाही, ते पाहून राह्यलो,” डोमाजी मराठीतच म्हणाला. “दव पडते ना झाडावर.”

सुती मोजे त्याने सगळे बाजूला सारले. सुती मोजा एकदा ओला झाला की हाताचं रक्त ओढून घेतो, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याच्यापुढे दोन जोड्या राहिल्या. एक मऊ कातड्याची, आतून अस्तर असलेली. एक करड्या लोकरीची, घट्ट विणीची. त्याने डाव्या हाताचा कातडी मोजा उचलला, उजव्या हाताचा लोकरीचा उचलला आणि म्हणाला, “हे दोन द्या.”

“जोड़ी मत तोड़ो!” दुकानदार आता उभाच राहिला. “बाकी दो का मैं अचार डालूँ?”

डोमाजीने मला समजावून सांगितलं, दुकानदाराला नाही. डावा हात फांदी धरतो, त्याला कातडं पाहिजे. उजवा हात गाठ बांधतो, त्याला लोकर पाहिजे आणि लोकरीचीही तीन बोटं पुढून कापून टाकली पाहिजेत. दोन हात दोन कामं करतात, मग त्यांना एकसारखा मोजा काहून? मी हे कधी डोक्यात आणलं नव्हतं. चार वर्षं हातमोजे दातांनी ओढणारा मॅट्रिक पास माणूस तिथे उभा होता आणि चौथी पास माणूस त्याला हे सांगत होता. मला त्या ढिगातला एक बूट उचलून त्याला मारावासा वाटला.

शेवटी त्याने दोन्ही जोड्या घेतल्या. गाडीत माझ्यासमोर बसून तो माझ्या हातांकडे बघत होता. मी हात शालीत घेतले.

त्याच महिन्यात साहेबांनी आम्हाला अंगणात बोलावलं. साहेब उत्तरेकडचे, बोलणं हिंदी, मनाने सरळ. म्हणाले, “देखो भाई, राँची की तरफ़ छह महीने की ट्रेनिंग है। एक आदमी जाएगा। लौटेगा तो निरीक्षक बनेगा, कुर्सी-टेबल, पक्की नौकरी।” आम्ही दोघंही तोवर कच्च्या नोकरीत होतो, दरवर्षी नव्याने कागद यायचा. सुमनला तेव्हा दिवस गेले होते. निरीक्षकाला पक्की खोली, कागदांचं काम, आणि कागदांचं काम तर माझंच होतं. मला ती जागा हवी होती, इतकी की रामपायलीच्या रामाला नवस बोलून झाला. पण साहेबांची अट सरळ होती. गाठ ज्याची पक्की, तो जाईल. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी एकेका झाडावर वीस जुड्या बांधायच्या, साहेब स्वतः बघणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी डोमाजी आमच्या अंगणात आला. तीन-चार मजूर तिथे काड्या निवडत बसले होते, मी जुड्या मोजत होतो. त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे धरलं.

“हे घ्या बाबू. माह्याजोळ उरले होते.”

मी कागद जरा उघडून बघितला. उजव्या हाताचा कातडी मोजा आणि डाव्या हाताचा लोकरीचा. मजूर बघत होते. एक जण हसला. त्याच्या कामाचे दोन त्याने ठेवून घेतले होते आणि नको असलेले दोन मला आणून दिले होते, तेही चारचौघांत. “बरं,” म्हणालो आणि कागद परत गुंडाळून घरात जाऊन लोखंडी पेटीच्या तळाशी टाकला, वर लग्नातलं धोतर टाकलं. त्या संध्याकाळी सुमन म्हणाली, “अहो, ते मोजे घालून तरी पाहा.” मी तिच्यावर ओरडलो. ती पोटुशी बाई, तिच्यावर ओरडलो हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. कुसुमाची पानं झडलेली, झाडं उघडी. खाली साहेब खुर्चीवर, भोवती सगळे मजूर, सगळ्यांची तोंडं वर. मी मोकळ्या हाताने चढलो. वर जाऊन सुतळी काढली आणि डावा हात पुढे आला. खाली इतकी माणसं बघत होती. मी तो हात मागे घेतला, त्याने फांदी धरली आणि उजव्याने बांधायला लागलो. सहाव्या जुडीला उजव्या हाताची बोटं सुन्न झाली. दातांनी सुतळी ओढून बांधत होतो. शेजारच्या झाडावरून “ग्यारह, बारह” ऐकू येत होतं.

मी उतरल्यावर साहेबांनी लांब बांबू मागवला आणि एकेक फांदी हलवून बघितली. डोमाजीच्या झाडावरून काही पडलं नाही. माझ्या झाडावरून चार जुड्या पडल्या. चौथी साहेबांच्या बुटाजवळच पडली.

डोमाजीने ती उचलली, गाठीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “बाबू, ते मोजे काहून नाई घातले?”

“उरलेलं मी वापरत नाही,” मी म्हणालो.

त्याने तोंड उघडलं, भोवती उभ्या मजुरांकडे बघितलं आणि परत मिटलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. माणसाने अशा वेळी हसावं की नाही? तो झाडाखाली उकिडवा बसून हातातली जुडी उलटसुलट करत राहिला. मला वाटलं, ढोंग करतोय, दुसऱ्याची कीव आल्याचं. त्याचा मला इतका राग आला की थंडी वाजायची थांबली.

तो गेला आणि सहा महिन्यांनी निरीक्षक होऊन आला. माझी नोकरी कच्चीच राहिली. आमची पहिली मुलगी कच्च्या खोलीत, गळक्या कौलाखाली जन्मली. कुठे काय गळलं की मी डोमाजीचं नाव घ्यायचो.

पण त्या खुर्चीवर तो बघवत नसे, हेही खरं. निरीक्षकाने झाडावर चढायचं नाही असा नियम. फायली हिंदीत, कधी इंग्रजीत. त्याला सही करायला एवढा वेळ लागायचा की शिपाई दारात ताटकळायचा. दुपारी फायली घेऊन तो माझ्याकडे यायचा, “बाबू, याच्यात काय म्हनून राह्यले ते सांगा.” मी वाचून दाखवायचो, पण मुद्दाम हळूहळू, मधे चहा पीत, एखादा शब्द अवघड आहे असं दाखवत. तो शांतपणे उभा राहायचा. जानेवारी आला की तो ऑफिसातून बाहेर येऊन झाडाखाली काखेत हात घालून पाच मिनिटं उभा राहायचा आणि न चढता परत आत जायचा. त्याच्या गाठीसारखी गाठ पुन्हा त्या केंद्रावर कुणी बांधली नाही. आम्ही बाकीचे वर चढत होतो आणि जुड्या पडत होत्या. सात वर्षांनी तो मुदतीआधीच नोकरी सोडून गावी गेला. निरोपाला मी तापाचं निमित्त करून गेलो नाही.

पुढे केंद्र बंद करायचं ठरलं आणि माझी बदली बालाघाटच्या ऑफिसात झाली. कागदांचं काम, मला शोभणारं, फक्त पंधरा वर्षं उशिरा. सामान बांधताना सुमनने लोखंडी पेटी रिकामी केली आणि तळाशी तो कागद निघाला. तिने तो उघडून माझ्यासमोर ठेवला.

मी तेव्हा पहिल्यांदा ते हातमोजे नीट बघितले. उजव्या हाताचा कातडी. त्याला तेल लावून मऊ केलेलं होतं, मोहाच्या बियांच्या तेलाचा वास अजून येत होता. डाव्या हाताचा लोकरीचा. त्याची तीन बोटं पुढून कापलेली होती, अंगठा आणि शेजारची दोन, आणि कापलेल्या कडा लाल लोकरीने गुंफून घेतलेल्या होत्या. ती लाल लोकर मी ओळखली.

उरलेल्या मोज्याची बोटं कोण कापतं? आणि डाव्या हाताची?

“ही टाके कुणाचे?” मी विचारलं. मला ‘हे’ म्हणायचंही सुचलं नाही.

“माझे,” सुमन म्हणाली. “बोटं त्यांनी कापली. मले म्हणाले, वयनी, कडा तुमी घ्या, त्यांच्या हाताची बोटं किती लांब हायत ते तुमालेच ठावं.”

“त्याला तू सांगितलंस? माझ्या हाताचं?”

“मी काहून सांगू? त्यांनीच मले विचारलं, बाबू डावे हायत नं म्हणून. लोकांपुढे बोलू नका, एवढंच मी म्हटलं. ते म्हणाले, नाई बोलत, उरले म्हणून देतो.”

“आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“तुम्ही ऐकून घेतलं असतं?” ती म्हणाली आणि धोतराची घडी घालायला लागली.

मी तिथेच बसून राहिलो. वाईट वाटलं, लाज वाटली, हे सगळं खरं. पण सगळ्यात आधी जे वाटलं तेही सांगतो. मला परत हेवा वाटला. माझ्या वडिलांनी जो हात बांधून ठेवला, मी स्वतः जो लपवत फिरलो, त्या हाताला काय पाहिजे ते या माणसाला दुकानातल्या ढिगापुढे बसल्या बसल्या कळलं होतं.

पुढच्याच जानेवारीत मी खैरलांजीच्या बसमध्ये बसलो. हातात तेच मोजे घातले होते. बसमधली माणसं बघत होती, एका हातात कातडं, दुसऱ्यात लोकर आणि लाल कडा. डोमाजी घराच्या ओट्यावर उन्हात बसला होता. केस पांढरे झालेले, हातांची बोटं आखडलेली. वाताने, म्हणाला. त्याने आधी माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघितलं.

“बसले बराबर,” तो म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं, डोमाजी? मी डावा आहे हे.”

“तुमची गाठ उलटी फिरते बाबू. खालची सुलटी आन् ढिली. वरची उलटी आन् पक्की. मले पयल्याच साली दिसलं. म्या म्हटलं, या मानसाले लाज वाटून राह्यली, आपन काहून बोलाचं?”

“पण मला कशाला मदत केलीत? मी जिंकलो असतो तर तुमची निरीक्षकी गेली असती.”

तो हसला. समोरचे दोन दात पडले होते. “मले जायचंच नोव्हतं बा रांचीले. तिकडच्या भाताले वास नसते. अन् कुर्सीवर बसून म्या काय केलं असतं? केलं तेच, काही नाई. साहेबाले नाई म्हनायची हिंमत नोव्हती. अन् मुद्दाम ढिली गाठ बांधाव म्हटलं, तं हाताले ते येतच नाई. मंग म्हटलं, बाबूचीच पक्की करू.”

फायली मुद्दाम हळू वाचल्याचं सांगावं असं ठरवून आलो होतो. ते मी सांगितलं. तो म्हणाला, “मले ठावं होतं. तुमचा चहा लई वेळ चालायचा.” आणि आत जाऊन चिन्नोरचे, वासाचे तांदूळ भरलेलं एक गाठोडं घेऊन आला. “वयनीले द्या.”

परतीच्या बसपर्यंत तो सोबत आला. बसला गर्दी, गाठोडं टपावर टाकायचं होतं. कंडक्टर ओरडत होता, “बाँधो भैया, जल्दी बाँधो!” डोमाजीने सुतळी माझ्या हातात दिली आणि आपली आखडलेली बोटं दाखवली. मी टपाच्या शिडीवर दोन पायऱ्या चढलो आणि सवयीने उजवा हात पुढे केला. बस भरून माणसं बघत होती. मग मी उजव्या हाताने, कातडी मोज्यातल्या हाताने, टपाचा गज धरला आणि डाव्याने गाठ मारली. लाल कडांच्या तीन बोटांतून सुतळी नीट फिरली.

डोमाजी शिडीवर एक पाय ठेवून वर झाला आणि त्या आखडलेल्या बोटाने गाठ दोनदा ओढली.

“हौ,” तो म्हणाला.

बस निघाली. मागच्या काचेतून मला तो दिसत होता, दोन्ही हात काखेत घालून रस्त्याच्या कडेला उभा. मी हात हलवला, डावा. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. मान वर करून टपावरच्या गाठीकडे बघत होता. खरं सांगतो, मला त्या गाठोड्याचाही हेवा वाटला.